पोर्टातलं कुंकू

"शेठ, डिस्क वीस मिनिटांच्या वर टिकत नाहीये," मी फोनवर सांगत होतो. "आणि पेन ड्राइव्हवरून बूट व्हायलाच पंधरा मिनिटं जातायत."

"मग डिस्क उचलून दुकानात आण."

"काकू नाही म्हणतायत."

"अरे, समजाव ना त्यांना!"

समजावून झालं होतं. कॉम्प्युटर घराबाहेर जाणार नाही, एवढंच शेळके काकू म्हणत होत्या. घर देवळाली कॅम्पातलं, दसरा होऊन आठवडा झालेला. त्यांचे यजमान, सुभेदार म्हणून रिटायर झालेले, श्रावणात गेले. पुण्याच्या नातीसाठी ते रोज माइकवर एक गोष्ट रेकॉर्ड करायचे. त्या सगळ्या गोष्टी या एकाच हार्ड डिस्कवर होत्या आणि डिस्क कटकट आवाज करत शेवटच्या घटका मोजत होती. दुसरी कॉपी? नाव नको! लोक लोणच्याच्या दोन बरण्या भरतात, पण फाइलची दुसरी कॉपी काही काढत नाहीत.

बूट होणं म्हणजे कॉम्प्युटरनं झोपेतून उठून कामाला लागणं. विंडोज उठेनासं झालं की आम्ही पेन ड्राइव्हवर दुसरी सिस्टिम घेऊन जायचो. तिच्यावर मशीन सुरू करायचं आणि डिस्कवरच्या फाइली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या. पण मशीन सुरू असेपर्यंत डिस्क फिरतच असते. ही तर वीस मिनिटांत तापून बंद पडायची. त्यातली पंधरा बूटलाच गेली, तर कॉपीला उरणार काय? पहिल्या खेपेला दोन गोष्टी आल्या, दुसऱ्या खेपेला एकही नाही. तिसरी खेप बहुधा शेवटची, हे मला कळून चुकलं होतं.

यूएसबी एवढी संथ का, तेच समजेना. बायोसमधल्या, म्हणजे मशीन उठतानाच्या, सेटिंग तपासल्या. सगळ्या ठीक. दुसऱ्या खेपेला पेन ड्राइव्ह बदलला होता, पुढचं पोर्ट, म्हणजे तो खुपसायची खाच, सोडून मागचं घेतलं होतं. तीच रडकथा. मी मुळात चिडका माणूस. वैतागून पेन ड्राइव्ह खेचून काढला, तर त्याचं टोक लाल! आधी गंज वाटला. बोटानं पुसून वास घेतला. कुंकू होतं.

टॉर्च लावून पोर्टात पाहिलं. पाण्यात कालवलेलं कुंकू आत वाळून बसलं होतं. एका पोर्टात तर अक्षतेचा दाणाही होता. आतल्या पट्ट्या नीट टेकल्या नाहीत की यूएसबी आपली जुन्या, संथ स्पीडवर उतरते. काम होतं, पण मुंगीच्या पावलानं.

"काकू, इथं कुंकू कुणी घातलं?" माझा आवाज चढलाच.

"मीच," त्या म्हणाल्या. "दसऱ्याला हे कॉम्प्युटरची पूजा करायचे. यंदा मी केली. कुठं लावायचे ते मी कधी नीट बघितलंच नव्हतं. काही राहायला नको म्हणून पुढून-मागून सगळीकडं लावलं." मग हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळंच बिघडलं का, दादा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही काकू. डिस्क म्हातारी झालीय, ती जाणारच होती. कुंकवानं फक्त उशीर केला."

मशीन बंद करून डिस्क पंख्याखाली गार व्हायला ठेवली. तोवर ब्रश आणि स्पिरिटनं दोन पोर्टं लख्ख केली. काकूंनी चहा केला, पण दोघांचाही तसाच राहिला.

तिसरी खेप. दोन मिनिटांत बूट! फाइली भराभर उतरायला लागल्या. काकू माझ्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. अठराव्या मिनिटाला डिस्क जी गप्प झाली, ती कायमचीच.

"शेवटच्या तीन राहिल्या, काकू. बाकी सगळ्या आल्या."

मी एक गोष्ट लावली. सुभेदारांचा खणखणीत आवाज आला. कोल्हा नदीपाशी पोचतो न पोचतो, तोच मागून कुकरची शिट्टी झाली आणि काकूंचाच आवाज, "अहो, चला जेवायला, भाकरी गार होतेय." "आलो गं. बाळा, पुढचं उद्या," सुभेदार म्हणाले आणि फाइल संपली.

काकू डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. "बघा, एक गोष्ट धड पुरी करू दिली नाही मी यांना."

यूएसबी संथ चालत असेल तर आधी टॉर्च घेऊन पोर्टात बघावं, सेटिंग नंतर. आणि आत काय सापडेल ते सापडो, कुणी घातलं हे जरा खालच्या आवाजात विचारावं.