वरची वीज, खालची वीज

लाइट गेली की सर ग्रंथालयाच्या दारात येऊन उभे राहायचे. उजव्या हाताचं बोट आधी आभाळाकडे, मग जमिनीकडे दाखवायचे आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "बाई, कोणती गेली? वरची का खालची?"

वाचत बसलेली पोरं माना खाली घालून हसायची. मी लालबुंद व्हायचे. का, ते ऐका.

आमच्याकडे बीडला विद्यापीठाचं उपकेंद्र निघालं, तेव्हा सर भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी ग्रंथपाल. काय तो माझा थाट! खळ घातलेली साडी, गळ्यात चष्म्याची साखळी. चष्म्याला नंबर नव्हता, ती गोष्ट वेगळी. पुस्तकावर क्रमांक टाकताना चेहरा असा, जणू बाळाचं बारसं करतेय. त्या वेळचे फोटो बघून माझ्या नाती खो खो हसतात. मीही हसते. एवढ्या थाटामागे भौतिकशास्त्राचं कपाट मात्र एकच, आणि त्यातही निम्मी गाइडं.

सरांना तिथं संशोधनाचा संग्रह उभा करायचा होता आणि विषयही ठरलेला होता. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत रानात वीज पडून माणसं जातात, बैलं जातात. आभाळ आलं की माणूस धावतो तो थेट लिंबाखाली. "वीज पडती आपल्या रानात, अन् तिची पुस्तकं पुण्याला. ह्याला काय म्हनावं, बाई?" सर म्हणायचे. पुरेसे ग्रंथ आणि नियतकालिकं जमली, तर उपकेंद्राला संशोधन केंद्राची मान्यता मिळणार होती. मग आमच्या पोरींना पीएच.डी.साठी जिल्हा सोडावा लागणार नव्हता. पोरींनाच म्हणते, कारण पोरं काय, जात होतीच.

सगळा कारभार मराठीत, हा सरांचा हट्ट. त्यांनी मागणी पाठवली, 'विजेवरची पुस्तकं, मिळतील तेवढी.' मी मिळतील तेवढी मागवली. एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं तर अडाणी ठरेन ना!

खोकी उघडली. घरगुती वायरिंग. मोटार रिवाइंडिंग. ट्रान्सफॉर्मरची देखभाल. सरांनी एकेक पुस्तक उचललं, चाळलं, खाली ठेवलं. मग खोक्यावरच बसले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"बाई, मी आभाळातली मागितलती. तुमी खांबावरची आणली!"

"परत पाठवते, सर."

"ऱ्हाऊ द्या. पोरांच्या हिरीवरच्या मोटारी जळत्यात. वाचतील."

आणि वाचली की हो! आमच्या ग्रंथालयातलं सगळ्यात फाटकं पुस्तक म्हणजे ते मोटार रिवाइंडिंग. पण त्या सालचं अनुदान त्यात संपलं होतं.

मग वरची वीज सरांनी स्वतः वणवण करून गोळा केली. कुठं कोणी प्राध्यापक निवृत्त झाले की सर एसटीनं तिथं हजर. जुन्या नियतकालिकांचे सुतळीनं बांधलेले गठ्ठे मांडीवर घेऊन यायचे. एकदा कंडक्टरनं विचारलं, "गुर्जी, रद्दीचा धंदा बरा हाय का?"

"लई बरा," सर म्हणाले. "गिऱ्हाईक तेवढं न्हाई."

खरं तर गिऱ्हाईक एक होतं. लिंबागणेशची एक विद्यार्थिनी, एम.एस्सी.ला पहिली आलेली. आभाळ गडगडायला लागलं की दोघं ग्रंथालयाच्या खिडकीशी. वीज चमकली की इतर मुली कानांवर हात ठेवायच्या. सर हिला म्हणायचे, "भिऊ नको, मोज." मग आवाज येईपर्यंत ती बोटांवर मोजत राहायची.

तिचे वडील एकदा ग्रंथालयातच आले. टोपी हातात धरून म्हणाले, "सर, बीडात हुतंय तर शिकवा पोरीला. म्होरं न्हाई धाडायचो. पावण्यांनी इचारलंय."

"एक साल थांबा, दादा."

"एकच."

त्या साली मान्यतेची समिती आली. एका साहेबांनी सरांच्या गठ्ठ्यांवरून बोट फिरवलं आणि बोटाची धूळ पाहिली. "नवी खरेदी दाखवा." मी कपाट उघडलं. वायरिंग. रिवाइंडिंग. साहेब हसले नाहीत. 'संग्रह अपुरा,' असा शेरा मिळाला.

तेव्हाच नेमकी लाइट गेली. मी दाराकडे पाहिलं. सर उभे होते, पण बोट काही वर गेलं नाही. "च्या घेता का, बाई?" एवढंच म्हणाले.

पुढं मान्यता मिळाली. अनुदान आलं, विजेवरचे जाडजूड नवे ग्रंथ आले. तोवर पोरीचं लग्न होऊन गेलं होतं आणि सर निवृत्त झाले होते. तरी रोज दुपारी यायचे. ग्रंथावरचं प्लास्टिक नखानं फाडायचे आणि एकटेच वाचत बसायचे. कोणी नवा विद्यार्थी आत डोकावला की अर्धवट उठायचे. तो वर्तमानपत्र घेऊन गेला की पुन्हा बसायचे. यथावकाश मीही निवृत्त झाले. गेल्या उन्हाळ्यात सर गेले.

परवा संकष्टीला लिंबागणेशला गेले होते. दर्शनाच्या रांगेत मागून हाक आली, "मॅडम, वळखलं का?" तीच. माहेरी आलेली, सोबत मोठी लेक.

"आभाळ आलं की मी गावातल्या लोकांना लिंबाखालनं हाकलती," ती सांगू लागली. "येडी म्हणत्यात मला." मग डोळे मिचकावून, "आली का ओ वरची वीज आपल्या लायब्ररीत?"

"आली गं. सगळी आली."

"कोण वाचतंय?"

मी हातातला नारळ उगाच या हातातून त्या हातात घेतला.

"आन् सर? बरे हायेत ना?"

माझं बोट आपोआप वर गेलं. जुन्या सवयीनं ती खुदकन हसली आणि ते खाली यायची वाट पाहत राहिली.

बोट खाली आलं नाही, तेव्हा तिला कळलं.