भिंतीमागची वाघजाई

महाडच्या दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या धाकूदादानं माझं मनगट धरलं आणि घड्याळ स्वतःकडे वळवून पाहिलं. डॉक्टरांनी नुकतंच आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं होतं. हृदयाचं दुखणं आहे, इथं उपाय नाही, मुंबईला न्या आणि उशीर करू नका. मी खिशातून फोन काढून त्याच्या मुलीला, सुनंदाला विक्रोळीला लावत होतो. दादा म्हणाला, "फोन मागनं कर रे वसंता. पोलादपूरची गाडी कधी हाय ते बघ आधी. सांजेच्या दिव्याला पोचाय पायजे." मी चिडलो. भर रस्त्यात म्हणालो, "दादा, जिवाची गोष्ट चाललीय आणि तुला दिव्याचं पडलंय?" तो स्टँडकडे चालू लागला. स्टँडवर मी त्याला खिडकीशी जागा धरून दिली. एसटी सुटताना त्यानं हात बाहेर काढला, पण हलवला नाही, नुसता बाहेर ठेवला... ती आमची शेवटची भेट. पुढं काही आठवड्यांनी, सकाळची पूजा उरकून तो देवळाच्या पायरीवर टेकला आणि उठलाच नाही. वहिनीचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो.

धाकूदादा माझा चुलत भाऊ, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. कशेडी घाटाच्या अंगाला आमची वाडी आहे. वाडीच्या वर वाघजाईचं ठाणं, आणि तिची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. मी शिकून महाडला शिक्षक झालो, इतर भावंडं मुंबईला गेली, पूजा दादाकडे राहिली. राहिली म्हणजे आम्ही ठेवली. लोक आता मला सांगतात की त्याचं आयुष्यच तेवढं होतं, तुम्ही काय करणार. मी मान हलवतो. पण दादा मुंबईला का गेला नाही हे मला ठाऊक आहे, आणि त्यात माझा हात किती होता हेही. तेवढं लिहिल्याशिवाय त्याच्याविषयी दुसरं काही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आमची वाघजाई म्हणजे जमिनीतून वर आलेला एक खडबडीत काळा दगड. उभ्या माणसाच्या कमरेएवढा. त्यावर शेंदराची पुटं इतकी चढलेली की मूळ दगड कसा असेल ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. तिच्याशी बोलायची आमची रीत कौलाची. काही अडलं, कुणाची म्हैस हरवली, लग्न जुळवायचं असलं की माणूस दादाकडे येई. दादा दोन कळ्या पाण्यात बुडवून दगडाच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला चिकटवायचा, त्या माणसाचं म्हणणं तिला आमच्याच बोलीत सांगायचा आणि मांडी घालून बसायचा. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी लगेच, कधी अर्धी सकाळ जायची. तोवर माणसं बाहेर बसून पानसुपारी खात, एकमेकांची उणीदुणी काढत. एकदा सीताराम नावाच्या आमच्या शेजाऱ्यानं तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायला लावला तेव्हा दादा म्हणाला होता, "अरे, ती काय तुझी बायको हाय काय, रोज इचारलंस की एक दिवस हो म्हनंल!"

पूजा ज्याच्याकडे, त्यानं तिला विचारल्याशिवाय शिवेबाहेर रात्र काढायची नाही आणि आपल्या जागी दुसऱ्याचा हात लावायचा नाही, असा नेम होता. तरुणपणी मला हा नेम म्हणजे बेडी वाटे. देवळाच्या पायरीवरून घाटातले ट्रक दिसतात, मुंबईचे, गोव्याचे. दादा संध्याकाळी ते बघत बसलेला असे आणि मला त्याची दया येई. पण खरं सांगायचं तर तो अडकलेला नव्हता. सुनंदाच्या बाळंतपणाला त्यानं विचारलं, उजवी कळी पडली, माझ्या वडिलांच्या हाती पूजा देऊन तो दहा-पंधरा दिवस विक्रोळीला राहून आला. परत आला तो नातवासाठी नेलेल्या झबल्यांपेक्षा तिथल्या लिफ्टच्याच गोष्टी सांगत. विचारायची सोय होती तोवर त्याला जायची सोय होती. मला हे फार उशिरा कळलं.

मी शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळं देव बदलत आलेत हे मला शिकवायला कुणी नको होतं. नुसत्या दगडाला शेंदूर कधी लागला ते माहीत नाही, पण त्याला चांदीचे डोळे आमच्या पणज्यानं बसवले. आजोबांच्या वेळेला चैत्रात बकरा पडायचा. वडिलांच्या वेळी बकऱ्याचा कोंबडा झाला. कोंबड्याचा कोहळा आणि कोहळ्याचा नारळ झाला तो दादाच्या हातून. आधी तिला कुणी साडी नेसवत नसे, मग खण आला, मग साडी. नवरात्र आमच्याकडे नव्हतंच, ते मुंबईकरांनी आणलं, त्याच्याबरोबर गरबाही. एवढं सगळं बदललं, त्यात दगडाच्या जागी संगमरवराची मूर्ती आली तर काय बिघडलं, असं मीच दादाला पटवलं. खापराच्या दिव्याजागी समई आली तेव्हा कुणी रडलं का, असंही विचारलं. दादा तेव्हा एवढंच म्हणाला, "बदलाला माझा नकार नाय रे. पन दर खेपेला तिला इचारलेलं हाय. कोंबडा बंद केला तेव्हा मी तीन सकाळी बसलेलो. ह्या टायमाला पन इचारू."

दादाच्या दुखण्याआधी, मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळानं नवं देऊळ बांधायला घेतलं होतं. मी जवळ राहणारा, शिकलेला, म्हणून बांधकामावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे. मूर्ती जयपूरहून निघाली होती, मुहूर्त ठरला होता, मुंबईकरांच्या रजा मंजूर झाल्या होत्या. दादानं कळ्या आणून ठेवल्या आणि मी त्याला बाजूला घेतलं. म्हणालो, "दादा, विचारलंस आणि डावी पडली तर काय करायचं? मूर्ती वाटेत आहे." तिला न विचारण्याचं कारण म्हणून मी तिच्या नकाराची भीती पुढं केली होती, म्हणजे ती बोलते हे मलाही मान्य होतं... तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. दादानं कळ्या तशाच परडीत ठेवल्या. मी शिकलेला होतो ना.

जुना दगड हलवणं शक्य नव्हतं, तो जमिनीतलाच. म्हणून त्याच्यापुढं भिंत घालायची, तिला पांढऱ्या फरशा लावायच्या आणि भिंतीपुढं मूर्ती बसवायची असं ठरलं. भिंतीला छोटं दार ठेवायचं होतं, म्हणजे दादाला आत जाऊन दिवा लावता येईल. फरशीवाल्यानं घाईत सलग भिंत उचलली. मी ते पाहिलं. मुहूर्त दोन दिवसांवर होता, तोडायला लावलं तर काम रखडलं असतं. मी मनात म्हटलं, नंतर करून घेऊ. ते नंतर आलं नाही.

मूर्ती सुंदर आहे, मी खोटं बोलणार नाही. गोरा चेहरा, वाघावर बसलेली, हातात आयुधं. भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली, स्पीकरवर संस्कृत मंत्र लागले, लोकांनी फोन उंच धरून फोटो काढले. कार्यक्रम झाल्यावर सीतारामनं नेहमीसारखं दादाला कौल लावायला सांगितलं, त्याला बोअर मारायची होती. दादानं कळ्या भिजवल्या, मूर्तीच्या खांद्यांना लावल्या. त्या गुळगुळीत दगडावर त्या क्षणभरही थांबल्या नाहीत, दोन्ही एकदमच घसरल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा घसरल्या. गर्दीत हसू फुटलं. सीताराम म्हणाला, "बया दोनी हातांनी नको म्हनते!" वहिनी कडेला उभी होती. ती म्हणाली, "पावडर लावल्यागत अंग झालंय तिचं, कळी ठरंल कशी?" दादा हसला नाही. त्यानं खाली पडलेल्या कळ्या गोळा केल्या आणि वहिनीनं पदर पुढं करायची वाट न बघता आपल्या धोतराच्या सोग्यात बांधल्या. त्यानंतर लोक कौलाला यायचे थांबले. आता ते येतात, घंटा वाजवतात, हात जोडतात, जातात. तिला काही विचारत नाहीत, फक्त मागतात.

दवाखान्यातून तो परतल्यावर रविवारी मी वाडीवर गेलो नाही, फोनच केला. म्हणालो, मी सुट्टी काढतो, पूजा मी करतो, तू उद्याच्या उद्या नीघ. तो म्हणाला, "तुझा हात लावायचा तर इचाराय पायजे." मी म्हणालो, "कुणाला विचारणार? सोड आता ते. नीघ." मग तो म्हणाला, "तुमी तिला भिंतीत घातलीत वसंता, आनि आता मला सांगता इचारू नको." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. मी म्हणालो, बरं, पुढच्या रविवारी येतो, बोलू. पुढच्या रविवारी परीक्षेचे पेपर होते.

तेराव्याला मंडळाची माणसं आली. पूजा कुणाकडे हा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरातला वाडीजवळ राहणारा मी एकटाच उरलो होतो. मी म्हणालो, करतो, पण आधी ती भिंत काढा. मंडळाचे एक काका म्हणाले, "सर, प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीच्या पाठीत घण घालायचा? देवीला विचारल्याशिवाय?" आणि मग तेच गप्प झाले. विचारायला दगड हवा, दगड भिंतीमागं, आणि भिंत तोडायला विचारायला हवं. बैठकीत कुणालाच यातून वाट दिसेना. सीताराम पुटपुटला, "आपनच कुलूप लावलं, चावी आत फेकून." मंडळाला चार वाजता गाडी धरायची होती. पूजा माझ्याकडे आली, कारण नको म्हणायलाही तिला विचारावं लागलं असतं.

आता मी रात्री वाडीवरच झोपतो, पहाटे पूजा करून मोटरसायकलवर महाडला शाळेत पोचतो, शाळा सुटली की पुन्हा दिव्याला. मुलगा पुण्याहून विचारतो, बाबा, हे किती दिवस? घरात कुणी मला बांधलेलं नाही, तरी गेले काही आठवडे मी महाडच्या पुढं कुठं गेलेलो नाही.

पहिल्या आठवड्यात गाभारा झाडताना मूर्तीच्या मागं केरसुणी पोचेना. मूर्ती आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन शिरेल एवढी फट आहे. मी पोट आत ओढून शिरलो. आत वळता येत नाही, नाक भिंतीला लागतं. टॉर्च लावल्यावर दिसलं, दोन फरशांच्या सांध्यातलं सिमेंट कुणीतरी खिळ्यानं खरवडून दोन बारके खळगे केले होते. एक उजवीकडे, एक डावीकडे, साधारण दगडाच्या खांद्यांच्या उंचीवर. दोन्ही खळग्यांत एकेक कळी होती, वाळून तपकिरी झालेली. मी हाक मारली तशी वहिनी गाभाऱ्याच्या दाराशी आली. म्हणाली, "दवाखान्यातनं आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी लावल्यान त्यांनी. मंबईला जाऊ काय म्हनून. रोज बघायचे, पडली काय. एक बी पडली नाय."

मी म्हणालो, वहिनी, सिमेंटात रुतल्यात त्या, कशा पडतील? ती म्हणाली, "ते मला नका सांगू भावजी." मी केरसुणीचं टोक उचललं होतं. तिनं तिथूनच सांगितलं, "हात लावू नका. त्यांचं इचारनं चालू हाय अजून. येकाचं सरल्याबिगार दुसऱ्यानं लावायची नसते."

म्हणून मी रोज त्यांच्याखालून झाडतो. आडवा शिरतो, टॉर्च लावतो, दोन्ही कळ्या जागेवर आहेत का ते बघतो आणि आलो तसा मागं सरकत बाहेर येतो.