पाहुण्यासाठी मागून आणलेला पंखा

रुग्णालयाच्या धुलाईखात्यात अठरा वर्षं चादरींच्या घड्या घालून तिचं नावच घडीबाई पडलं होतं. घरीही हात थांबत नसे. बापानं उठायला उशीर केला तर आई त्याचीसुद्धा घडी घालेल, असं पोरी म्हणायच्या.

त्या बापाला दम्यानं धरलेलं. गरिबांच्या सरकारी यादीत नाव, म्हणून गोळ्या फुकट. नाहीतर तिचा अर्धा पगार औषधातच गेला असता. यंदा यादी नव्यानं करायची ठरली. पाहणीला माणूस येणार, अशी चिठ्ठी आली.

"माणूस येणार, पण बसवू कुठं? माझ्या डोक्यावर?" घडीबाईचा जीव खालीवर.

शेजारची शिवणवाली जावेसारखी. म्हणाली, "एवढंच ना वहिनी? माझ्या खुर्च्या न्या. टेबलफॅन न्या. मिक्सर न्या, रस काढून द्या त्याला."

"अगं, तुझं घर ओकंबोकं दिसेल!"

"दिसू दे. एका दिवसात काय मरते का मी?"

तो आला. पंख्यापुढे बसला, रस प्याला, मावशी मावशी करत राहिला.

"हे सगळं शेजारचं हं," घडीबाईनं आपणहून सांगितलं.

"कळतं हो मावशी," म्हणत त्यानं कागदावर खुणा केल्या आणि तो शिवणवालीकडे गेला.

महिन्यानं यादी लागली. घडीबाईचं नाव गायब. कचेरीच्या खिडकीतल्या बाईनं कागद वाचला, "खुर्च्या, पंखा, मिक्सर. परिस्थिती बरी."

"मागून आणलं होतं ते!"

"घरात दिसतं ते लिहायचं. कुणाचं आहे, हे विचारायचा नियम नाही. आता पुढची पाहणी तीन वर्षांनी."

भिंतीवरच्या यादीत शिवणवालीचं नाव मात्र होतं. पहिल्यांदाच.

घडीबाई तडक तिच्या दारात. "तुला ठाऊक होतं?"

शिवणवालीनं मशीन थांबवलं नाही. "तीनदा अर्ज फेटाळला माझा, याच सामानापायी. मलाही दोन लेकरं आहेत, वहिनी. वाटलं, तुमचं नाव जुनं, पक्कं. तुमचं काय जातंय?"

"आधी बोलली असतीस तर तुझं सामान मीच माळ्यावर लपवलं असतं गं. केसानं गळा कशाला कापलास?"

मशीन चालतच राहिलं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "झालं काम?"

"झालं." ती त्याच्याकडे पाठ करून विळीवर गोळीचे दोन तुकडे करत होती. "आणि डॉक्टर म्हणाले, आता अर्धीच पुरे."