तळ्याच्या कागदावर माझी सही

उरल्याच्या कारखान्यांमागं आमचा पारा, म्हणजे आमची वस्ती. त्यांची काजळी छपरांवर बसे, नळाले पाणी येई ना येई, पण तळं होतं. धुणं, म्हशी, आंघोळी, सगळं तिथंच. कोणी गेलं की दहाव्या दिवशीचं नहावनही तिथंच. सारा पारा पाण्यात उतरे, त्याशिवाय सुतक फिटत नसे.

मी रेल्वेतला बाबू, मूळचा भंडाऱ्याकडचा, नोकरीपायी या हिंदी मुलखात आलेला. सरकारी कागद आला की लोक आधी माझ्याकडे आणत. मी वाचून सही केली की मगच बाकीचे अंगठा लावत. त्या मानाची मले चटक लागली होती, खोटं काहून बोलू?

तळ्याच्या सुशोभीकरणाचा कागद आला तो जाडजूड, इंग्रजीत. पहिल्या पानावर गाळ काढणं, पायऱ्या, दिवे. पुढचं मी वाचलंच नाही. समोर म्हातारे बसले होते; त्यांच्यापुढं शब्दाशब्दाले अडखळायची लाज वाटली. पानं उलटवली, मान डोलवली, चांगलं आहे म्हटलं अन् सही ठोकली. माझ्याखाली अंगठ्यांची रांग लागली. पुढच्या पानांत तळं एका कंपनीले चालवायले दिलं होतं.

मग भिंत आली, फाटक आलं, तिकीट आलं. आत आता बोटी फिरतात, शंकर नगरच्या बंगल्यांतले पोट्टेपोट्टी फोटो काढतात. आग लागो त्या दिव्यांले! आम्ही ऑफिसात चकरा मारल्या, तर साहेबानं माझीच सही माझ्यापुढं धरली. मी तसाच माघारी फिरलो.

यंदा शेजारच्या काकीचा नवरा गेला. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या भट्टीवर जन्मभर खपलेला माणूस. दहाव्या दिवशी तिले घेऊन आम्ही फाटकाशी गेलो. चौकीदार आमच्याच पाऱ्यातला. त्यानं मान खाली घातली, पण कुलूप काढलं नाही. आत असले विधी चालत नाहीत, माझी नोकरी जाईल, म्हणाला. शेवटी बायांनी टँकरचं पाणी बादलीत घेऊन भिंतीच्या कडेले, भर रस्त्यात, तिच्या अंगावर ओतलं. बांगड्या तिथंच फोडल्या. आम्ही पुरुष पाठ करून उभे. ट्रक जाऊन राहिले होते, साऱ्यांच्या अंगावर धूळ उडत होती.

निथळत्या लुगड्यानं काकी माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"वो कागज ला तुमन पढ़े रहेव न, बाबूजी?"

वाचलं होतं का, एवढंच तिले विचारायचं होतं. नाही म्हटलं असतं तर साऱ्या पाऱ्यापुढं मूर्ख ठरलो असतो.

"हव," मी म्हटलं.

तिनं पदर डोक्यावर ओढला अन् निघून गेली. तळं मी जाणूनबुजून विकलं असंच ती समजते. अन् मी तिले तसं समजू दिलं.