गुडघ्यावरचं वानर

आमच्या कॉलेजात बेसबॉल आहे असं मी रामनगरच्या बाजारात कुणाला सांगितलं, की समोरचा हमखास म्हणायचा, "म्हंजे क्रिकेटच की." सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढे पुढे "व्हय, तेच" म्हणून भाजी पिशवीत टाकायला लागले. माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाजारात कशाला दाखवायचा?

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या एका लहानशा कॉलेजात मी क्रीडाशिक्षिका, आणि मुलींच्या बेसबॉल संघाची कोच. संघ निवडायचा प्रश्नच नसायचा. जी मैदानावर येईल ती संघात, आणि जिला पळायचा कंटाळा ती बॅटरमागे बसून बॉल झेलणारी कॅचर. दर वर्षी शहरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा व्हायच्या. आम्ही पहिली मॅच हरायचो, वाटेत कुठेतरी वडापाव खायचो आणि संध्याकाळच्या बसने घरी यायचो. हरण्यात आम्ही इतक्या पटाईत झालो होतो, की मुली परतीच्या बसमध्ये गाणी म्हणायच्या.

त्या वर्षी प्रिन्सिपलनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण दर वर्षी नोटीस बोर्डावर 'पराभूत' लिहून तोही कंटाळला होता. कन्नडात म्हणाले, "मॅडम, यंदा एक तरी मॅच जिंका. नाहीतर बेसबॉल बंद करू. पुढच्या वर्षीपासून थ्रोबॉल घ्या."

थ्रोबॉल मला शिकवता येतो. पण बेसबॉल माझा होता. विद्यार्थिनी असताना मी तो खेळले होते, माझ्या सासरी कुणी ऐकलाही नव्हता तो खेळ मी या डोंगरात आणला होता, आणि आता तो माझ्याच हातून मरणार होता. ऑफिसबाहेर येऊन मी शिपायावर उगाच खेकसले.

त्याच वर्षी दिग्गी गावची एक मुलगी कॉलेजात आली. अंगाने काटकुळी, बोलणं अगदी मोजकं. सरावाच्या पहिल्याच दिवशी बॉल मैदानापलीकडच्या झाडीत गेला. ही शोधायला गेली आणि तिथूनच फेकला, तो थेट माझ्या हातात. हात झिणझिणला. मी तिला तिथल्या तिथे पिचर केलं.

पिचरचं काम साधं आहे. बॅटरच्या पुढ्यात जमिनीवर बसवलेल्या प्लेटवरून, तिच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत बॉल टाकायचा. तिथे पडला तर स्ट्राइक, असे तीन झाले की बॅटर आऊट. बाहेर गेला तर चूक, अशा चार चुका झाल्या की बॅटर न खेळता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या चार टप्प्यांतल्या पहिल्यावर. आणि या मुलीचा एकूण एक बॉल बॅटरच्या कानाजवळून जायचा! बॅटर किंचाळून मागे व्हायची, आणि मी इकडे ओरडायचे, "कॅचरच्या ग्लोव्हकडे बघ गं बाई, ग्लोव्हकडे!" ती मान हलवायची. पुढचा बॉल पुन्हा कानाजवळून. वेडावाकडा गेला असता तर मी समजले असते, पण तो दर वेळी त्याच जागेवरून जायचा. "तसंच जातंय मॅडम," एवढंच ती सांगायची.

स्पर्धा भातकापणीच्या तोंडावर आली. अशा दिवसांत घरचे पोरीला सोडतील का, म्हणून मी स्वतः दिग्गीला गेले. तिचे बाबा शेतातच होते. आम्ही बांधावर बोलत होतो, तेवढ्यात रानाच्या कडेने वानरं उतरली. पोरीने दगड उचलला आणि भिरकावला. पुढच्या वानराच्या कानाजवळून तो मागच्या बांबूवर टाणकन आपटला, आणि वानर उडी मारून पसार. दुसऱ्यालाही तसंच.

"थोडक्यात हुकला," मी म्हटलं.

बाबा हसले. "हुकला न्हाई मॅडम. लागूच द्यायचा नसतोय. देवाचं हाय ते. दगड लागला तर घरचा कर्ता त्या दिशी जेवत न्हाई. नुसतं भ्यालं पायजे."

पोरगी खाली बघत म्हणाली, "ल्हान असताना येकदा माझा लागला. बाबा दिवसभर नांगर धरून होते, आनि रातीपतुर काय खाल्लं न्हाई. तवापास्नं समोर कोन हुबं ऱ्हायलं की हात त्याला चुकवूनच जातोय."

मला हसू फुटलं. एवढं, की बाबांना वाटलं मॅडमना काही झालं. म्हणजे आमची प्रत्येक बॅटर हिच्या लेखी भात खायला आलेलं वानर होती! मी डोळे पुसले आणि म्हटलं, "बरं, ऐक. आजपासून वानर कानापाशी नाही, बॅटरच्या गुडघ्यावर बसलंय. प्लेटच्या बाजूने, वीतभर लांबून बॉल टाकून त्याला घालवायचं. बॉल लागू द्यायचा नाही."

तिने थोडा विचार केला. "गुडघ्यावर," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. बाबांनीही "कापणीला माणसं हायत, जाऊ दे तिला" म्हणून होकार दिला.

पहिली मॅच शहरातल्या मोठ्या कॉलेजशी पडली. त्यांच्या सगळ्या मुलींच्या पाठीवर एकसारख्या बॅगा. आमच्या बॅटी पोत्यातून निघालेल्या बघून त्या एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. मी मनात म्हटलं, हसा.

पहिला बॉल त्यांच्या बॅटरच्या गुडघ्याजवळून सपकन गेला. अंपायरचा हात वर गेला. स्ट्राइक! बॅटर आपल्या गुडघ्याकडे बघत राहिली. मग दुसरा, मग तिसरा. एकामागून एक त्या येत होत्या आणि माघारी जात होत्या. मधल्या एका इनिंगमध्ये आमच्या कॅचरने डोळे मिटून बॅट फिरवली, बॉल लांब गेला, ती सगळे बेस पळून आली आणि आम्हाला एक रन मिळाला. पळायचा जिला कंटाळा, ती त्या दिवशी मैदानावर नाचत होती.

शेवटच्या इनिंगमध्ये त्यांच्या दोघी आऊट होत्या, तिसरी आऊट झाली की मॅच आमची; पण एक तिसऱ्या बेसवर पोचलेली, ती प्लेटवर परतली की बरोबरी. समोर त्यांची सगळ्यात तगडी बॅटर. तिचे दोन स्ट्राइक झाले, तशी ती हुशारीने सरकून प्लेटला अगदी खेटून उभी राहिली. आता नेहमीच्या जागी बॉल टाकला तर गुडघ्यावरच बसणार. पोरीचा हात थांबला. तो हात कुणाला दुखवणार नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"वानर पुढं आलंय गं!" मी जागेवरून ओरडले. अंपायरने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

"बघितलंय मॅडम," ती शांतपणे म्हणाली. आणि तिने बॉल आणखी वीतभर पलीकडून, प्लेटच्या दुसऱ्या कडेवरून सोडला. बॅटरने जीव खाऊन बॅट फिरवली. बॅटीला नुसता वारा लागला.

आम्ही जिंकलो. मी सगळ्यांसमोर रडले, मोठ्याने रडले, आणि मला त्याची तसूभरही लाज वाटली नाही. त्यांचा कोच हात मिळवायला आला, म्हणाला, "पिचर भारी तयार केलीत." मी ताठ मानेने "हो" म्हटलं.

मग प्रिन्सिपलना फोन लावला. "जिंकलो" म्हटल्यावर त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. शेवटी म्हणाले, "बेसबॉल राहील, मॅडम. पुढची मॅच कधी?"

पुढची मॅच कधी ते मला माहीतच नव्हतं. एवढ्या वर्षांत स्पर्धेच्या वेळापत्रकाची पहिली ओळ सोडून मी काही वाचलं नव्हतं. धावत जाऊन विचारलं, तर उद्या सकाळी. मुक्कामाची तयारी कुणाचीच नव्हती, दुसरे कपडे नव्हते. घरोघरी फोन झाले. यजमान कॉलेजने एक वर्ग उघडून दिला, मुलींनी नळावर जर्सी धुतल्या आणि बाकांवर वाळत घातल्या.

सकाळी त्या वाळल्या नव्हत्या. ओल्याच अंगात चढवून मुली कुडकुडत मैदानाकडे निघाल्या, आणि मी मागून सगळ्या शहराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होते, "चला गं, पाय उचला! आज पण आपली मॅच आहे!"