सोलरची सावली, ताईंचं ऊन

नांदुऱ्याचं घर विकायला काढलं ते बायकोमुळे. तिला इथला उन्हाळा सोसेनासा झाला होता. चैत्र लागला की ती ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मधल्या खोलीत बसायची आणि दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळपर्यंत वरून आग ओतायचा. बुलढाण्याला घाटावर हवा बरी, म्हणून तिथं एक लहानसं घर बघून ठेवलं, मालकाला शब्दही दिला. इथलं विकलं गेलं तरच तिथलं घेता येणार होतं.

गिऱ्हाईक पटकन मिळालं. धामणगाव बढे गावच्या एक ताई. बचत गटातल्या बायकांना घेऊन पापड-कुरडया करायच्या आणि आता नांदुऱ्यात बस्तान हलवायचं म्हणत होत्या. खोल्या त्यांनी चालता चालताच पाहिल्या. स्वयंपाकघराच्या ओट्याचं मी एवढं रसभरीत वर्णन केलं, पण त्या बाहेरच्या जिन्यानं सरळ गच्चीवर गेल्या. चप्पल काढून फरशीवर पाय टेकवला, चटका बसला आणि चेहरा एकदम खुलला.

"घर पसंत हाय, भाऊ!"

चटका बसल्यावर हसणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण गिऱ्हाईक हसत असताना कारण विचारू नये, एवढा व्यवहार मला कळतो.

पुढच्याच आठवड्यात सलूनमध्ये, माझी अर्धी दाढी झालेली असताना, शेजारच्या खुर्चीतला एक जण बोलला, "आता सोलर नसलं त घराची रजिस्ट्रीच होणार नाही म्हणे. नियम येऊन राह्यला."

उरलेली अर्धी दाढी कशी झाली ते आठवत नाही. घरी आलो तो सोलरवाल्याला फोन लावतच. अर्ज, तपासणी, मंजुरी, सगळ्यांच्या मागे मी असा लागलो की सोलरवाला माझं नाव दिसलं की फोनच उचलेना. शेवटी गच्चीच्या मधोमध, गुडघ्याएवढ्या उंचीवर, निळ्या काळ्या पाट्या लखलखू लागल्या. मी ताईंना बोलावलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांना थांबवलं, दोन्ही हात पसरले आणि पडदा उघडावा तसा बाजूला झालो.

"बघा! आता लाइटबिलाची कटकटच नाही!"

ताईंनी वाकून पाट्यांखाली पाहिलं. मग म्हणाल्या, "हे काय करून ठेवलं, भाऊ?"

"काऊन? सोलर आहे."

"ते दिसते मले. कुरडया कुठं वाळू घालू? या काचेवर? मी घर नाही घेऊन राह्यले, गच्ची घेऊन राह्यले. खोल्या त तिच्यासंगं येतात म्हणून."

आणि त्या गेल्या.

मी तसाच रजिस्ट्रीची कागदं लिहिणाऱ्याकडे धावलो. तो ऐकून इतका हसला की तोंडातलं पान सांभाळताना त्याची तारांबळ उडाली. "असा कोणताच नियम नाही, भाऊ. कुठं ऐकलं?"

"सलूनमध्ये."

"मंग तिथं दाढीच करायची न!"

आता एकच उपाय होता. सोलर उपटायचं आणि बुलढाण्याला न्यायचं. तर सोलरवाला म्हणाला, "सबसिडीचं हाय. ज्या घरावर अन् ज्या मीटरवर मंजूर झालं, तिथंच राह्यते. घर विकलं त मीटरसंगं नव्या मालकाच्या नावावर जाईन." म्हणजे जो नियम नव्हता त्याच्यापायी बसवलं आणि जो होता त्याच्यापायी काढता येईना.

बुलढाण्याचा मालक विचारू लागला. मी दिवसभर जिना चढायचो, पाट्यांभोवती फिरायचो, उतरायचो, पाणी प्यायचो, पुन्हा चढायचो. बायको म्हणाली, "अहो, एका जागी बसा. तुमच्याकडं पाहूनच मला घाम येतो."

शेवटी मी ताईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांच्या अंगणात जुन्या साड्या बांधून सावली केली होती आणि खाली बायका पापड लाटत होत्या. वाऱ्यानं साडी फडफडली की सगळ्या पोळपाट उचलून सरकायच्या. मी साडीकडे पाहिलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला.

"लाटायले सावली लागते, वाळवायले ऊन," ताई म्हणाल्या. "ते तुमचं सोलर माणूसभर उंच होते काय?"

होत होतं. सोलरवाल्यानं कपाळावर हात मारला, पण लोखंडी खांब लावून पाट्या उंच केल्या. खाली मांडव, बाजूला मोकळं ऊन. ताई बयाण्याचे पैसे द्यायला भर दुपारी आल्या.

मी बायकोला हाक मारायला मधल्या खोलीत गेलो, तर ती गाढ झोपलेली. टॉवेल खुंटीवर, कोरडा. स्लॅबला हात लावता यावा म्हणून स्टुलावर चढलो. कोमट. वर सोलरची सावली होती. माझ्या वर-खाली करण्यात हे लक्षातच आलं नव्हतं.

ती उठली, बाहेरच्या खोलीत आली, ताईंसमोर बसली आणि गोड आवाजात बोलू लागली, "घर चांगलंच आहे हो. पण नळ कधी येईल याचा नेम नाही. मागच्या दाराला कडी बसत नाही. अन् माकडं फार."

नांदुऱ्यातल्या आमच्या घरावर मी आजवर माकड पाहिलेलं नव्हतं.

ताईंनी बयाण्याचा हात मागं घेतला. "वहिनी, तुमच्या मनात द्याचं नाही काय?"

मला दरदरून घाम फुटला, त्या गार खोलीत. बायको म्हणाली, "द्यायचं आहे. शब्द दिलाय. पण या घरात इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दुपारी झोप लागली. एवढा एक उन्हाळा झोपू द्या."

"अन् माहे पापड? ते काय पावसाळ्यात करू?"

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग एकदमच दोघींनी वर, छताकडे पाहिलं.

ताईंनी बयाणा दिला. बुलढाण्याच्या मालकाच्या हातावर काही ठेवण्यापुरता तो होता, त्यानंही पावसाळ्यापर्यंत थांबायचं कबूल केलं. सध्या गच्ची ताईंची, खोल्या आमच्या. सकाळपासून बायका बाहेरच्या जिन्यानं वर जातात, लाटणी वाजतात, हसणं चालतं. खाली बायको झोपलेली असते. मी मात्र अजून वर-खाली करतो. वर गेलो की ताई म्हणतात, "भाऊ, उन्हात उभे राहू नका, कुरडयांवर सावली पडते."