वडील हयात आहेत का?

कागदपत्रांचा मला मनस्वी तिटकारा आहे. साधा रेशनकार्डाचा फॉर्म भरायचा असला तरी माझं डोकं फिरतं. घरचे हसतात, म्हणतात, आखातात सात वर्षं काढून आलेली बाई एका फॉर्मला भिते. मी त्यांना हसू देते.

ही १९७३ सालची गोष्ट. आखातातल्या एका शहरात मी दवाखान्यात नर्स होते. नगरला नर्सिंग शिकले आणि तिथूनच अर्ज केला होता. कोल्हारची बिनलग्नाची मुलगी समुद्रापार जाणार म्हटल्यावर भावकीने तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पुरतं पिडलं. तात्यांनी कुणाचं ऐकलं नाही. पासपोर्टच्या चौकशीसाठी ते माझ्याबरोबर तीनदा नगरला आले. फौजदाराने विचारलं, "मुलीला एकटीला पाठवता?" तर म्हणाले, "सायेब, एकटी कुठं? तिची अक्कल हाय की संगं." बाप असा असल्यावर मुलगी तोंडाळ निघणारच, आणि मी निघाले.

परदेशात माणूस आधी कागदावर राहतो, मग घरात. तिथे राहण्याच्या परवान्याला इकामा म्हणत, आणि तो दर वर्षी नवा करावा लागे. देशाबाहेर जायचं तर परतीचा व्हिसा आधी घ्यायचा. तो न घेता गेलं तर इकामा रद्द, नोकरी गेली आणि परत यायची वाट बंद. माझा पासपोर्ट इकाम्यासाठी कचेरीत पडला होता, आणि त्याच आठवड्यात दादाची, माझ्या थोरल्या भावाची, तार आली. वडील सीरियस, ताबडतोब निघ.

मी वॉर्डाच्या मधोमध उभी होते. तार वाचली आणि समजले, तात्या गेले.

कसं समजले, ते सांगते. आमच्या भागात दूरच्या माणसाला मरणाची बातमी सरळ देत नाहीत. वाटेत त्याचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून 'तब्येत जास्त आहे, निघून ये' एवढंच कळवतात. तो गावात शिरला की मग बाकीचं आपोआप कळतं. मी स्वतः अशी तार लिहिली होती. शेजारच्या म्हातारीची तिरडी बांधणं चाललं होतं आणि पलटणीतल्या तिच्या मुलाला मी 'आई सीरियस' असं लिहीत होते, कारण आमच्या आळीत इंग्रजी मलाच येत होतं. ती तार पोस्टात नेऊन दिली तात्यांनीच.

दवाखान्यातल्या परदेशी माणसांचे कागद एक वयस्क इजिप्शियन कारकून बघायचा. त्याने मला दोन रस्ते सांगितले. पासपोर्ट आहे तसा परत मागवायचा, नुसता बाहेर जाण्याचा शिक्का घ्यायचा आणि परवाच्या विमानाने निघायचं. मग इकामा गेला समजायचं. नाहीतर इकामा होऊ द्यायचा, त्यावर परतीचा व्हिसा घ्यायचा. दोन-अडीच आठवडे लागतील. "तू बापाकडे जा," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "नोकऱ्या पुष्कळ आहेत."

तात्या आहेत असं मला वाटलं असतं, तर मी त्या नोकरीवर पाणी सोडलं असतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण माणूस गेलेला, अग्नी दिलेला. धावत जाऊन मी कुणाचं तोंड बघणार होते? शिवाय माझ्यासाठी तात्या सगळ्या भावकीशी वाकडे झाले होते. नोकरी घालवून घरी बसले, तर ते भांडण फुकट गेलं असतं. मी म्हटलं, थांबते. दादाला उलट तार केली, कागद होताच निघते.

कारकुनाने परतीच्या व्हिसाचा फॉर्म पुढे केला. माझं नाव, वडिलांचं नाव, आणि त्याखाली प्रश्न, वडील हयात आहेत का? मी लिहिलं, मयत.

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "तारेत तर नुसतं आजारी लिहिलंय."

"तुम्हाला आमच्याकडची रीत माहीत नाही," मी फटकन बोलले. त्या बिचाऱ्याने चष्मा पुन्हा नाकावर ओढला आणि शिक्का मारला.

मी तिथे रीतसर सुतक पाळलं. डोक्यावरून पाणी घेतलं, केसांना तेल लावलं नाही, गोडाला शिवले नाही. दहाव्या दिवशी नर्सेसच्या वसतिगृहाच्या गच्चीवर भाताचा पिंड ठेवला. कावळा काही आला नाही, कबुतरं आली. "तात्या, माझी काळजी करू नका," असं मोठ्याने म्हणाले, पोटभर रडले आणि खाली येऊन ड्युटीवर गेले. त्या दिवशी वॉर्डात एक म्हातारा होता, कुणाच्याच हातून खात नव्हता. त्याला मी अर्धा तास बसून पेज भरवली.

इकामा झाला, व्हिसा झाला. तार आल्यापासून अठराव्या दिवशी मी कोल्हारला एसटीतून उतरले. ओसरीवर बायका होत्या, त्या गळ्यात पडून रडायला लागल्या. माझं रडणं तिकडेच रडून संपलं होतं. आत गेले, तर तात्यांच्या खोलीत कोपऱ्यात दिवा तेवत होता. माणूस गेला की त्या जागी दिवा ठेवतात आणि दहा दिवस झाले की काढतात. मी उगीचच चिडले. दादाला म्हटलं, "दहावं-तेरावं उरकलं, आन् आजून दिवा कशापायी ठिवलाय?"

दादा माझ्याकडे बघतच राहिला. "कशाचं दहावं? तात्या परवा गेले."

मला वाटलं, त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी विचारलं, "मग तार केली तवा?"

"तवा चांगले बोलत हुते की. डाक्टर म्हनला, किडन्या गेल्यात, पंधरा दिस काढतील. म्हनून तर त्याच दिशी तार केली. समद्यांना सांगायचे, माजी लेक नर्स हाय, ती आली की मला बघंल. एसटीचा आवाज आला की मला फाट्यावर धाडायचे. रोज."

रोज. म्हणजे मी गच्चीवर पिंड ठेवला त्या दिवशीही दादा फाट्यावर जाऊन हात हलवत परत आला होता. जिवंत बापाचं दहावं घातलेली लेक मी. मयत हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिला होता, सरळ, सुवाच्य अक्षरात, आणि एका परक्या माणसाने अडवलं तर त्यालाच गप्प केलं होतं. मी भिंतीला धरून खाली बसले.

दादाला वाटलं, मला दुःख अनावर झालंय. तो शेजारी येऊन बसला. "लोक लई बोलत हुते," तो म्हणाला, "लेक नोकरी सोडून येत न्हाई म्हून. तात्या पडल्या पडल्या त्यांच्यासंगं भांडायचे. म्हनायचे, तिचा कागुद अडकलाय, न्हाईतर ती थांबनारी पोर न्हाई." जरा वेळाने त्याने विचारलं, "कागुदच अडकला हुता ना गं?"

"व्हय दादा," मी म्हटलं. "कागुदच अडकला हुता."

त्याने डोळे पुसले आणि बाहेर बसलेल्या माणसांना तेच सांगायला गेला.